पूर ओसरला, दारू राहिली



नवापूर, साक्री, नंदुरबार, सोनगड या भागांतली अशी वस्ती सापडणे कठीण, जिच्यातले कोणी ना कोणी सुरतेला नाही. कोणी उधन्याला मागावर आहे, कोणी पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये, तर कोणी लिंबायत-डिंडोलीत खोली घेऊन बांधकामावर जातो. दिवाळीनंतर कोयते घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जाणारी जोडपी वेगळीच. ही आपली माणसे नाताळला किंवा लग्नसराईत गावी येतात, तेव्हा त्यांतला एखादा सकाळपासून प्यायलेला असतो. मग आई म्हणते, संगत वाईट लागली. सासरा म्हणतो, पैसा हाती खेळू लागला म्हणून माज आला. असे असूही शकते. पण काही घरांत या दारूचे कारण निराळे असते, ते कोणी विचारत नाही, आणि म्हणून दारूही सुटत नाही. आज त्याविषयी लिहायचे आहे.

ऑगस्ट २००६ मधला तापीचा पूर आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. रक्षाबंधनाचे दिवस होते. वरच्या खोऱ्यात धुवाधार पाऊस झाला, उकाई धरण भरत आले आणि दरवाजे उघडावे लागले. नदीत सोडलेले पाणी सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेले. सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. लोक गच्चीवर, पत्र्यावर, दुसऱ्याच्या माडीवर तीन-चार दिवस बसून राहिले. वीज नाही, पिण्याचे पाणी नाही, आणि खालून काय वाहत चालले आहे ते डोळ्यांनी दिसत होते. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. भिंत पडली त्याचे लिहून घेतले, माग बुडाले त्याचे लिहून घेतले, धान्याचे आणि गुरांचेही लिहून घेतले. माणसाच्या मनात काय पडले याचा रकाना त्या कागदावर नव्हता.

आता एक हकीकत सांगतो. ती कोणा एकाची नाही. अनेकांच्या हकीकती एकत्र करून, कोणाची ओळख पटू नये अशा रीतीने मांडली आहे. समजा, आपल्याकडचा विशीतला एक तरुण मागावर रात्रपाळी करीत होता आणि तळमजल्याच्या खोलीत राहात होता. पाणी शिरले तेव्हा तो जिन्याने वर गेला. शेजारच्या माणसाचा हात त्याने धरला होता, तो सुटला. तीन दिवस तो गच्चीवर होता. पूर ओसरल्यावर तो गावी आला, चार दिवस राहिला आणि परत कामाला लागला. घरच्यांना वाटले, संपले. परंतु त्यानंतर तो विहिरीच्या काठाशी जाईना. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की उठून बसे, दार उघडून अंगण पाही. मुलाने पाण्याची बादली पालथी केली तरी अंगावर धावून जाई. झोप नव्हतीच. कोणीतरी सांगितले, झोपताना एक पोटली मार. त्या रात्री तो सहा महिन्यांत पहिल्यांदा झोपला. पुढे एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. आता तो चाळिशीत आहे आणि सकाळी चहाची बशी हातात धरता येत नाही इतका हात कापतो.

या माणसाला आजार दोन आहेत. एक सर्वांना दिसतो, त्याचा वास येतो, त्यावरून भांडणे होतात. दुसरा दिसत नाही.

न दिसणारा आजार

डॉक्टर त्याला ‘आघातोत्तर ताण विकार’ म्हणतात. व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमध्ये तो मोठ्या प्रमाणात दिसून आला आणि १९८० साली तिथल्या मानसोपचार तज्ज्ञांनी त्याला आजारांच्या अधिकृत यादीत घेतले. जीव जाण्याची वेळ आली, किंवा दुसऱ्याचा जीव जाताना पाहिला, किंवा शरीरावर अत्याचार झाला, अशा प्रसंगानंतर तो जडतो. प्रसंग संपलेला असतो. मेंदूला मात्र ते पटलेले नसते.

त्याची लक्षणे ओळखायला सोपी आहेत, फक्त ती एकत्र पाहावी लागतात. तोच प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा घडत असल्यासारखा दिसतो. त्याची आठवण देणारी जागा, माणूस, आवाज, वास माणूस टाळू लागतो. मन कोरडे होते, कशात आनंद वाटत नाही, “माझ्यामुळेच झाले” असा दोष तो स्वतःला देत राहतो. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असते: दचकणे, चिडणे, झोप न लागणे. हे सारे महिन्याहून अधिक टिकले आणि कामधंद्याच्या आड येऊ लागले तर तो आजार समजावा. पुरातून वाचलेल्या प्रत्येकाला तो होतो असे नाही. बहुतेकांचे मन काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप ताळ्यावर येते. ज्यांचे येत नाही त्यांच्याविषयी आपण बोलत आहोत.

आणि पूर हे एकच कारण नव्हे. सुरतेने डिसेंबर १९९२ ची दंगल पाहिली. १९९४ च्या प्लेगच्या भीतीने लाखो माणसे रातोरात गाडीच्या टपावर बसून गावोगाव पळाली. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागात शिकवणीच्या वर्गाला आग लागून २२ मुले गेली. रस्त्यावरून ते पाहणारे कितीतरी होते. मागाच्या पट्ट्यात हात अडकणे, हायवेवरचा अपघात, लहानपणी नातेवाइकाने केलेला अत्याचार, ऊसतोडीच्या पडावावर बाईवर गुदरलेला प्रसंग यांचीही जखम तीच असते. शेवटच्या दोहोंविषयी तर घरातही कोणी बोलत नाही.

दारू इथे कशी शिरते

मिरचीचे उदाहरण घ्या. मुळाला कूज लागली की दुपारी झाड मान टाकते. नवखा शेतकरी म्हणतो, पाण्याचा ताण पडला, आणि पाणी सोडतो. संध्याकाळी झाड थोडे टवटवीत दिसते. त्याला वाटते, उपाय लागू पडला. परंतु त्या ओलाव्याने कूज आणखी वाढते, दुसऱ्या दिवशी झाड अधिक सुकते, आणि तो अधिक पाणी देतो.

दारूचे अगदी असेच आहे. ती मज्जातंतूंना गुंगी आणते. तासा-दोन तासांसाठी पहारा उठतो, आठवण धूसर होते, डोळा लागतो. तिचा अंमल उतरू लागला की मध्यरात्रीनंतर झोप मोडते, छाती धडधडते, स्वप्ने जास्त जोरात येतात. रोज पिणाऱ्याचे मज्जातंतू दारू नसताना आधीपेक्षा जास्त ताठ होतात. म्हणजे ज्या भीतीसाठी प्यायला सुरुवात केली, ती भीती दारूच वाढवते. एडवर्ड खान्त्झियन नावाच्या अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञाने १९८५ साली हा विचार नीट मांडला की अनेक व्यसनी माणसे चैनीसाठी नव्हे, तर सहन न होणारे दुःख दाबण्यासाठी नशा करतात. ती स्वतःच स्वतःचे डॉक्टर होतात. गांजा, झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधे यांनाही हे लागू आहे.

गुजरातमध्ये यात आणखी एक धोका आहे. तिथे राज्य स्थापन झाले त्या १९६० सालापासून दारूबंदी आहे, म्हणून मजुराला मिळते ती चोरटी. तिच्यात कधी मिथेनॉल असते. जुलै २००९ मध्ये अहमदाबादला लठ्ठाकांडात शंभराहून अधिक माणसे मेली. जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात चाळीसहून अधिक. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुके दिसणे, पोटात कळा, जोरजोराने श्वास यांतले काही झाले तर ‘उतरेल’ म्हणून झोपवून ठेवू नका, तडक मोठ्या रुग्णालयात न्या. वेळेवर पोहोचले तर यावर उपाय आहेत.

आधी कोणता आजार?

वर्षानुवर्षे उत्तर ठरलेले होते: “आधी दारू सोडून ये, मग तुझ्या मनाचे बघू.” डॉक्टर असे म्हणत, व्यसनमुक्तीवाले म्हणत, आपण घरचेही तेच म्हणतो. त्यात एक भीतीही होती. पिणाऱ्या माणसाला त्या प्रसंगाविषयी बोलायला लावले तर तो आणखी पिईल, असे सर्वांना वाटे.

हे वाटणे बरोबर आहे का, ते अलीकडे तपासून पाहिले गेले. ऑस्ट्रेलियात दोन्ही आजार असलेल्या १०३ माणसांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींना नेहमीचा व्यसनाचा उपचार दिला, काहींना त्याच्या जोडीला भीतीच्या जखमेचाही. दुसऱ्या गटाची भीतीची लक्षणे अधिक कमी झाली आणि व्यसन काही वाढले नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एड्ना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६५ दारूग्रस्तांवर केलेला अभ्यास आला. आघाताविषयी बोलण्याचा उपचार घेतल्याने दारूची ओढ वाढली नाही, हे त्यातही दिसले. आणि दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्झोन या गोळीने पिण्याचे दिवस कमी झाले.

हे जादूचे उपाय नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. अशा उपचारांत मध्येच सोडून जाणारे पुष्कळ असतात. भीती कमी झाली म्हणून दारू आपोआप सुटते असे नाही. तिच्यासाठी वेगळे श्रम घ्यावेच लागतात. परंतु “आधी हे, मग ते” या हट्टामागे आधार नाही, एवढे आता पक्के झाले आहे. दोन्हींना एकाच वेळी, आणि शक्यतो एकाच जागी हात घालावा. कारण उघड आहे. ज्याची झोप फक्त दारूवर टेकली आहे, त्याच्याकडून ती काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिले नाही, तर तो आठव्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभा राहील. मग आपण म्हणणार, याला शब्दाची चाड नाही.

अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते

आता जे लिहितो ते कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

रोज आणि भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दिवसात हातपाय कापतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना ताप येतो, भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत. ही अवस्था मरणाचीही असू शकते. आपल्याकडे अशा वेळी लोक म्हणतात, बाहेरचे लागले. भगताकडे नेतात, नाहीतर गोठ्यात कोंडून ठेवतात. वर सांगितलेल्या तरुणाला बापाने कोंडले होते, आणि तिसऱ्या दिवशी तो फिट येऊन पडला. बाप दुष्ट नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

ज्याला सकाळी कापरे भरते, ज्याला पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली आहे, किंवा जो फार अशक्त आहे, त्याची दारू रुग्णालयातच सोडवावी. तिथे काही दिवस ठरावीक औषध देऊन ते हळूहळू उतरवतात, म्हणजे मज्जातंतूंना धक्का बसत नाही. जोडीला ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, देतात. ते महत्त्वाचे आहे. गावात अशक्त दारुड्याला पाहिले की “ग्लुकोजची बाटली लावा” असा आग्रह होतो. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात थायमिनचा साठा संपत आलेला असतो. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाटली लावणाऱ्याला तेवढे जरूर विचारा: थायमिन दिले का?

दुसरी चूक म्हणजे गुपचूप पूड. “जेवणात कालवा, नकळत दारू सुटेल,” अशा जाहिराती भिंतीभिंतीवर असतात. अशा पुड्यांत नेमके काय आहे ते कळत नाही. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. ते घेऊन दारू प्यायली की तोंड लाल होते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. त्यातून ज्याच्या मनात आधीच कोणावर विश्वास उरलेला नाही, त्याच्या ताटात बायकोने चोरून काही कालवले हे त्याला कळले, तर पुढचा सगळा उपचार तिथेच बसतो.

तिसरी चूक झोपेच्या गोळ्यांची. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणतात. भीतीच्या जखमेवर त्या टिकाऊ उपाय नाहीत, त्यांचीच सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर झोपेत श्वास थांबू शकतो. रुग्णालयात दारू सोडवताना याच जातीची औषधे मोजून चार दिवस देतात ती गोष्ट निराळी.

खरा उपचार कसा असतो

औषधे दोन्ही बाजूंची असतात. दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्झोन किंवा अकॅम्प्रोसेट, यकृत आणि मूत्रपिंड तपासून. भीती, चिडचिड, उदासी यांवर सर्ट्रालीन किंवा पॅरॉक्सेटीन यांसारखी. या दुसऱ्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून डबी फेकून देणारे मी पाहिले आहेत; ज्वारी पेरून आठव्या दिवशी कणीस शोधायला आपण जात नाही. ही औषधे मनाने एकदम बंदही करू नयेत.

पण भीतीच्या जखमेचा मुख्य उपचार बोलण्याचा आहे. तो साध्या गप्पांसारखा नसतो, आणि उपदेशही नसतो. एक पद्धत अशी: शिकलेल्या तज्ज्ञासमोर बसून माणूस तो प्रसंग पहिल्यापासून सांगतो, डोळ्यांपुढे आणून सांगतो, आणि पुन्हा पुन्हा सांगतो. पहिल्या वेळी घाम फुटतो. चौथ्या-पाचव्या वेळी तोच प्रसंग सांगताना छाती तेवढी धडधडत नाही. मेंदूला हळूहळू पटते की ही आठवण आहे, पूर नाही. बरोबरीने टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जायचे असते: आज विहीर लांबून पाहायची, पुढच्या आठवड्यात काठाशी दोन मिनिटे, नंतर पोहरा सोडायचा. दोन्ही आजारांसाठी मिळून अशा बैठकांचा एक क्रम बनवलेला आहे. त्यात दीड-दीड तासाच्या साधारण बारा बैठका असतात, आणि प्रत्येक बैठकीत दारूची ओढ कशी ओळखावी, पहिला घोट कसा टाळावा, हेही शिकवतात.

सर्वांनाच प्रसंग उगाळणे झेपत नाही. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या लिसा नाजावित्स यांनी दुसरी रीत तयार केली. तिच्यात मागचे उकरायचे नाही. आज सुरक्षित कसे राहावे तेवढे शिकायचे. अस्वस्थ वाटू लागले की पाय जमिनीवर घट्ट टेकणे, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घेणे, हातावर थंड पाणी घेणे. नकार कसा द्यावा, मदत कशी मागावी. यांतले पहिले काही आपण घरीही शिकवू शकतो. प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावण्याचे काम मात्र घरी करू नका. हौशी माणसाने जखम उघडायची आणि बांधायची कशी ते त्याला ठाऊक नसायचे, असे व्हायला नको.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांचाही चांगला उपयोग होतो. बऱ्याच ठिकाणी त्या चर्चच्या हॉलमध्येच भरतात. तिथे दारूशी झुंजणारा एकटा राहात नाही. भीतीच्या आजाराचा उपचार तिथे होत नाही, म्हणून सभा आणि डॉक्टर दोन्ही धरून ठेवावेत. कोणी सभेत म्हणाला की “गोळ्या म्हणजे दुसरी नशाच,” तर त्याचे ऐकू नये. आणि आपल्यातले काही जण म्हणतात, हा पाप करतो, त्याने कुमसार करावा म्हणजे झाले. कुमसार त्याने जरूर करावा. पण पुरात हात सुटला हे पाप नव्हे, आणि ज्याला ते पाप वाटत राहते त्याला फादर समजुतीचे दोन शब्द सांगून डॉक्टरकडे पाठवू शकतात. आजारी मनाला पापाचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडायला लावणे हे दयेचे काम नाही.

कुठे जावे

सुरतेत मजुरा गेटचे नवे सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचे स्मीमेर, या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. आपल्या बाजूला जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येते आणि गुजरातीतही. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मराठी माणसाला परिचित आहे. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ते १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने उभे केले, आणि पिणाऱ्या स्त्रियांसाठी तिथे वेगळा विभाग आहे.

खासगी केंद्रात ठेवायचे असेल तर आधी स्वतः जाऊन पाहा. डॉक्टर नियमित येतो का? नातेवाइकांना भेटू देतात का? दारू सोडताना त्रास झाला तर कोणत्या रुग्णालयात नेतात? मारून, उपाशी ठेवून, साखळीने बांधून सरळ करतो असे जो अभिमानाने सांगेल, त्याच्या फाटकातून परत फिरा. ज्याच्या मनात आधीच एक भयंकर प्रसंग घर करून बसला आहे, त्याच्यावर आपण पैसे भरून दुसरा आणायचा, असा तो प्रकार होईल.

“गुजरातमध्ये दवाखान्यात दारूचे सांगितले तर पोलीस धरतील,” या धास्तीने पुष्कळ मजूर खोटे सांगतात. विचारले तर म्हणतात, पोट दुखते. मग दारू तुटल्यावर वॉर्डात फिट येते आणि डॉक्टरही गोंधळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकार त्यात मानसिक आजारांतच धरले आहेत, आणि २३ व्या कलमाने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक केले आहे. काही ठरावीक अपवाद आहेत, परंतु उपचाराला आपणहून आलेला माणूस म्हणून घाबरण्याचे कारण नाही. किती पितो, शेवटचा घोट केव्हा घेतला, हे खरे सांगावे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की दारूच्या आजाराने ग्रस्त असलेल्या १०० माणसांपैकी सुमारे ८६ जणांना उपचार मिळतच नाही. भीती, लाज आणि पैसा, तिन्ही त्यात आली.

घरातल्या बाईविषयी

एवढे वाचून काही भगिनी म्हणतील, त्याला पुराची जखम आहे, मग आम्ही मार खायचा का? नाही. आजार हे मारहाणीचे निमित्त होऊ शकत नाही. तो आला की मुलांना कुठे पाठवायचे, कोणत्या शेजाऱ्याचे दार ठोठवायचे, हे आधी ठरवून ठेवा. ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा स्त्रियांच्या मदतीचा क्रमांक आहे. आणि ज्या बाईने दहा वर्षे दाराच्या कडीचा आवाज ऐकून छातीत धस्स होण्यात काढली, तिला तोच आघाताचा आजार जडलेला असू शकतो. कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या मुलालाही. नवऱ्याची फाइल काढाल त्या दिवशी स्वतःचेही डॉक्टरला सांगा. काही बायकाही गुपचूप पितात किंवा मशेरी आणि गोळ्यांवर जगतात. त्यांना तर विचारणारेच कोणी नसते.

पुन्हा प्यायला म्हणून उपचार फुकट गेला असे धरू नये. या आजारात घसरण होते. कधी, कशामुळे प्यायला ते दिवसासकट वहीत लिहावे. अशी वही ठेवली की बहुधा एक गोष्ट दिसते: घसरण काही ठरावीक दिवसांनाच होते. आपल्या उदाहरणातल्या माणसाचे दिवस जुलैअखेरीपासून सुरू होतात. वरून पाऊस, बातम्यांत उकाईची पातळी, दरवाजे उघडल्याची वार्ता, आणि मग रक्षाबंधन.

म्हणून अशा घरांनी ही कामे मृगाच्या आधीच उरकावीत. डॉक्टरची जुलै-ऑगस्टची तारीख मे महिन्यातच घ्यावी आणि औषधे महिनाभर पुरतील इतकी आणून ठेवावीत. त्या आठवड्यांत रात्री त्याच्याबरोबर कोण जागेल ते भावाभावांत ठरवावे. तो झोपतो त्या खोलीवर पत्रा असेल तर वरून गवताचा थर घालावा, म्हणजे पावसाचा आवाज कमी येतो. पाण्याची बातमी त्याच्यापासून लपवू नये, पण दिवसभर मोबाइलवर तीच पाहात बसू देऊ नये. एकाने सकाळी एकदा पाहून पातळी किती आहे ते त्याला खरे सांगावे. भात लावणीला त्याला बांधावर एकटे पाठवू नये. कोणीतरी शेजारच्या ओळीत असावे.